पहिलं बोन्साय कोणतं घ्यावं? आधी थर्मामीटर बघा

जुनिपर हे बोन्सायमधलं सूचिपर्णी झाड. तो मेला तरी कित्येक आठवडे हिरवाच दिसतो. वर पानं जशीच्या तशी आणि खाली मुळं केव्हाच काळी पडलेली. तो तपकिरी व्हायला लागला की मालक आठवत बसतो, गेल्या आठवड्यात पाणी कमी पडलं की जास्त झालं? बऱ्याचदा दोष पाण्याचा नसतोच. हिवाळ्यावाचून ज्याचं चालत नाही असं झाड वर्षभर बैठकीच्या खोलीत ठेवलेलं असतं, किंवा जिथे बारा महिने रात्रीही उकडतं अशा ठिकाणी आणलेलं असतं. खत, फांद्या वळवणारी तार, छाटणी यातलं काहीही त्याला वाचवू शकत नाही.

बोन्साय ही झाडाची वेगळी जात नाही. तेच मोठं होणारं झाड मुळं आणि फांद्या छाटून कुंडीत लहान ठेवलेलं असतं, त्यामुळे त्याच्या गरजाही मोठ्या झाडाच्याच राहतात. फरक एकच आहे. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना खोल मातीचं पांघरूण असतं, तर बोन्सायची मुळं चार बोटं उंचीच्या भांड्यात उघड्यावर पडलेली असतात. म्हणून जात निवडताना फोटो शेवटी बघायचा. सुरुवात आपल्या जागेपासून करायची.

पायरी १: जागेची माहिती लिहून काढा

एक साधा किमान-कमाल थर्मामीटर घ्या आणि झाड जिथे ठेवणार तिथेच, कुंडीच्या उंचीवर लावा. हवामान खात्याचा आकडा शहराचा असतो, तुमच्या गच्चीचा नसतो. दुपारी तापणारी काँक्रीटची गच्ची आणि त्याच इमारतीमागची सावलीतली ओटी यांच्यात मुळांच्या दृष्टीने दोन गावांचं अंतर असतं.

वर्षातली सर्वांत थंड रात्र किती अंशांची, ऐन उन्हाळ्यात पहाटे तापमान किती खाली येतं, पाऊस सलग किती महिने पडतो आणि बाकीच्या काळात हवा किती कोरडी असते, थेट ऊन किती तास मिळतं, वारा कुठून येतो, एवढं नोंदवा. यातला दुसरा आकडा बहुतेक जण टिपतच नाहीत आणि उष्ण प्रदेशात नेमका तोच घात करतो. त्याकडे पुढे येतो.

पायरी २: तुमच्याकडे खरा हिवाळा आहे का, ते ठरवा

मेपल, लार्च, बीच, जुनिपर, बहुतेक पाईन ही समशीतोष्ण प्रदेशातली झाडं. हिवाळ्यात ती वाढ थांबवून विश्रांती घेतात. ही सुप्तावस्था ऐच्छिक नाही. यातल्या बऱ्याच जातींना साधारण ० ते ७ अंश सेल्सियसच्या आसपासची थंडी काही आठवडे, एकूण शेकडो तास मिळावी लागते, तेव्हा कुठे वसंतात कळ्या नीट फुटतात. ती मिळाली नाही तर झाड लगेच मरत नाही. पहिल्या वर्षी पालवी उशिरा आणि विरळ येते, दुसऱ्या वर्षी काही फांद्या फुटतच नाहीत आणि मग एखाद्या कडक उन्हाळ्यात सगळंच संपतं. या संथपणामुळेच लोकांना वाटत राहतं की आमच्याकडे मेपल मजेत आहे. एका वर्षाच्या मेपलवरून कोणीही काहीही सिद्ध करू नये.

फ्रीजमध्ये ठेवून नकली हिवाळा देण्याची कल्पना अधूनमधून कोणीतरी काढतं. लहान रोपावर ती चालूनही जाते, पण ज्या छंदात झाडाशेजारी बसायचं तिथे झाड भाजीच्या कप्प्यात ठेवायचं, हे मला काही पटलेलं नाही.

डोंगरावर राहणाऱ्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. दर हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे उष्ण कटिबंधातही उंचावर गारवा असतो. मात्र विषुववृत्ताजवळ हा गारवा बारमाही आणि एकसारखा असतो. दिवस लहान-मोठे होत नाहीत, आणि पानगळीच्या झाडांना हिवाळ्याची चाहूल थंडीइतकीच लहान होत जाणाऱ्या दिवसावरून लागते. अशा ठिकाणी जुनिपर बऱ्यापैकी रमतो, पण मेपलचा गोंधळ उडतो. एका फांदीवर पानगळ आणि दुसरीवर कोवळी पालवी असा प्रकार दिसू लागतो.

पायरी ३: थंडीच्या आकड्यातून कुंडीची वजावट करा

झाड किती थंडी सोसतं हे सांगण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने केलेले विभाग जगभर वापरले जातात. वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या सरासरीवरून १३ विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक विभागात साधारण ५.६ अंशांचा फरक आहे; आकडा जितका लहान, तितकी थंडी जास्त. रोपाच्या माहितीत 'विभाग ५ ते ८' असं लिहिलेलं असतं ते हेच.

हे आकडे जमिनीत लावलेल्या झाडाचे असतात. फांद्यांपेक्षा मुळं थंडीला फार कच्ची असतात, आणि कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब मिळत नाही. म्हणून थंड प्रदेशातले अनुभवी लोक स्वतःच्या विभागापेक्षा एक-दोन विभाग जास्त थंडी सोसणारी जात निवडतात. तुमचा विभाग ६ असेल तर विभाग ४ पर्यंत टिकणारं झाड घ्या, किंवा कडाक्याच्या दिवसांत कुंडी जमिनीत पुरून, पालापाचोळ्याने झाकून किंवा न तापवलेल्या शेडमध्ये ठेवण्याची तयारी ठेवा. तीन टोकांच्या पानांचा ट्रायडंट मेपल याचं उत्तम उदाहरण. झाड म्हणून दणकट, पण मुळं मांसल आणि पाणी धरून ठेवणारी. ती गोठली की गेली. याउलट अमूर मेपल कडक हिवाळ्याच्या मुलखातलाच असल्यामुळे तिथे तो निर्धास्तपणे घ्यावा.

हे विभाग फक्त थंडीचं बोलतात, उन्हाळ्याबद्दल एक अक्षर काढत नाहीत. नवव्या विभागात लंडन येतं आणि फ्लोरिडाचा काही भागही येतो. लंडनमध्ये लार्च सुखाने जगतो. फ्लोरिडात त्याच विभागात तो उन्हाळ्यात गळपटतो, आणि तिथे दलदलीतला बाल्ड सायप्रस जोमाने वाढतो. केवळ विभाग बघून झाड मागवणाऱ्यांची फसगत इथेच होते.

पायरी ४: उन्हाळ्यातल्या रात्री मोजा

झाड दिवसा प्रकाशात अन्न तयार करतं आणि श्वसनात ते दिवसरात्र खर्च करतं. तापमान वाढलं की खर्चही वाढतो. रात्र थंड असेल तर शिल्लक उरते, रात्रीही उकडत असेल तर दिवसभराच्या कमाईतलं बरंच रात्रीतच उडून जातं. म्हणून दुपारी चाळीस अंशांना तापणाऱ्या पण पहाटे गार होणाऱ्या कोरड्या प्रदेशात जी झाडं तगतात, तीच तीस-बत्तीस अंशांच्या दमट किनारपट्टीवर कुढत राहतात. पांढरा जपानी पाईन मूळचा डोंगरातला. उष्ण रात्रींना तो लवकर थकतो. काळा जपानी पाईन समुद्रकाठचा आहे, तो ऊन, उष्मा आणि खारा वारा तिन्ही झेलतो. पांढऱ्या पाईनचं कलम काळ्याच्या खोडावर बांधतात, त्यामागे काळ्याच्या मुळांचा जोम हे मोठं कारण आहे.

कुंडीचा रंगही बघा. काळी प्लास्टिकची कुंडी कडक उन्हात आतून चांगलीच तापते, आणि बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ ३५ अंशांच्या पुढे मंदावते. पानं करपली की लोक झाडाची जात चुकली म्हणतात, पण कधी कधी चूक फक्त कुंडीच्या पश्चिमेकडच्या बाजूची असते. दुपारनंतर तिथे आडोसा आला की तेच झाड सावरतं.

ऋतूची लांबी हाही मुद्दा आहे. काळ्या पाईनच्या वसंतातल्या नव्या मेणबत्त्या, म्हणजे मेणबत्तीसारखे सरळ कोवळे कोंब, उन्हाळ्याच्या सुरुवातीला कापतात, मग आखूड सुयांची दुसरी फूट येते. ती पक्की व्हायला पुढे सुमारे तीन महिने उबदार हवा लागते. जिथे उन्हाळा दोन-अडीच महिन्यांत आटोपतो तिथे हा प्रयोग झाडाला खंगवतो. तिथे स्कॉट्स पाईनसारखी वर्षातून एकदाच फुटणारी जात बरी.

पायरी ५: पाऊस, वारा, पाणी

अडेनियम, जेड आणि ऑलिव्हला पाणी साचलेलं खपत नाही. सलग पावसात छप्पर आणि जाडसर, निथळणारं मिश्रण या दोन्हींची सोय नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. नाजूक पानांचा जपानी मेपल कोरड्या वाऱ्यात कडेने करपतो, हिवाळा कितीही छान असला तरी. समुद्रालगत खाऱ्या वाऱ्यासाठी काळा पाईन, सुरू, बटनवुड किंवा पेम्फिस घ्या. नळाचं पाणी जड, चुन्याचं असेल तर अझेलियाचा नाद सोडा. तिला आम्लधर्मी माती लागते, अशा पाण्याने तिची पानं पिवळी पडतात आणि दर महिन्याला औषधपाण्याची कटकट मागे लागते.

पायरी ६: भिंतींकडे बघा

मला सर्वांत भरवशाची वाटणारी पद्धत ही. जुन्या भिंतीच्या फटीत, गटाराच्या कडेला, दगडी पायऱ्यांच्या सांध्यात आपोआप उगवून वर्षानुवर्षं खुरटत जगणारं झाड तुमच्या हवामानातलं बोन्साय आधीच झालेलं असतं. मूठभर माती, मिळेल तेव्हा पाणी, अधूनमधून कोणीतरी मारलेला कोयता, आणि तरी जिवंत. उष्ण प्रदेशात हे बहुधा वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक अशा फायकस कुळातलं असतं. समशीतोष्ण गावात एल्म किंवा बर्च दिसेल. कुंपणासाठी वारंवार छाटली जाणारी झुडपंही बघा, कारण छाटणी सोसणं ही बोन्सायची पहिली अट आहे.

तेच झाड उपटून आणा असं मी म्हणत नाही. जागा दुसऱ्याची असेल तर परवानगीशिवाय हात लावू नये, आणि भिंतीतून मुळं सहसा शाबूत निघतही नाहीत. जात ओळखा आणि नर्सरीतून रोप घ्या.

आता जातींविषयी, हवामानाप्रमाणे

उष्ण आणि दमट हवा असेल तर फायकस घ्या. त्यातही नांद्रुक, म्हणजे फायकस मायक्रोकार्पा, नवशिक्याला सर्वांत मोठी सूट देतो. चुकीची छाटणी, विसरलेलं पाणी, उशिरा बदललेली माती, सगळं माफ. पानं आधीच लहान असतात, कापलेल्या जागी चीक येतो पण जखम भरते, आणि हवा पुरेशी ओलसर असली की पारंब्या सुटतात. वडाचं बोन्साय डौलदार दिसतं, मात्र पानं मोठी असल्यामुळे ते थोड्या मोठ्या आकाराचंच शोभतं. वरचेवर पानं काढून ती लहान करता येतात, पण त्यासाठी वाढीचा हंगाम लांब हवा. पिंपळ मी पहिलं झाड म्हणून सुचवणार नाही. त्याची पानं हट्टाने मोठीच येतात. चिंचेची पानं बारीक दलांची, साल लवकर जून दिसणारी आणि झाड काटक, त्यामुळे हातात घेण्याजोगी ती उत्तम जात आहे. कामिनीला छोटी, सुवासिक पांढरी फुलं येतात. फुकियन टी दुकानात फार मोहक दिसते, पण जागा बदलली, हवा बदलली की रुसते. ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

अशा प्रदेशातल्या कोणाला सूचिपर्णी झाडाचा देखावा हवाच असेल तर सुरूचा पर्याय आहे. तो पाईन नाही, त्याच्या 'सुया' म्हणजे बारीक हिरव्या डहाळ्या, पण लांबून कोणाच्या लक्षात येत नाही आणि उष्म्याचं त्याला काही वाटत नाही. आग्नेय आशियातले कसलेले कलाकार सुरू आणि पेम्फिसपासून अशी झाडं घडवतात की पाईनची हळहळ वाटू नये. दक्षिण चीनमधल्या लिंगनान परंपरेने तर तंत्रच हवामानावर बेतलं. तिथे झाडं भराभर वाढतात म्हणून तारेवर फार विसंबायचं नाही. फांदी वाढू द्यायची, हव्या त्या डोळ्यावर कापायची, पुन्हा वाढू द्यायची. वेगाने वाढणाऱ्या फायकसवर ही पद्धत फार छान बसते.

उष्ण पण कोरड्या भागात बोगनवेल आणि डाळिंब ही जोडी घ्या. बोगनवेल कुंडीत मुळं दाटली आणि पाणी थोडं ताणलं की जास्त फुलते, म्हणजे बोन्सायच्या परिस्थितीत ती अधिकच खुलते. डाळिंबाचं खोड पिळवटत जातं आणि तरुण झाडही म्हातारं दिसतं. शमी वाळवंटातली, बारीक पानांची, ऊन पिणारी आहे, पण मुळं खोल जाणारी असल्यामुळे लहानपणापासून कुंडीत वाढवलेलंच रोप घ्या. जेडसाठी एक काळजी: या नावाने दोन वेगळी झाडं विकली जातात. पोर्टुलाकारिया आफ्राची पानं छोटी आणि फांद्या छाटणीला पटकन फुटणाऱ्या असतात, तर क्रॅसुला जाड पानांची आणि ठोकळेबाज असते. बोन्सायसाठी पहिली बरी. दोन्हींना हिमकडाका सोसत नाही.

सौम्य, ओला हिवाळा आणि कोरडा उन्हाळा असलेल्या भूमध्यसागरी हवेत ऑलिव्ह राजा आहे. ठार मेल्यासारख्या जुन्या खोडातूनही तो पुन्हा फुटतो.

चार ऋतू नीट असतील तर जवळजवळ सगळं मैदान मोकळं, आणि तरी मी चिनी एल्मच आधी सांगेन. थंडीत तो पानं गाळतो, हिवाळा सौम्य असला तर निम्मी-अर्धी ठेवतो, उष्म्यातही तग धरतो. छाटलं की फांद्यांचं जाळं दाट होतं. ट्रायडंट मेपल, जुनिपरमधला शिंपाकू आणि काळा पाईन त्याच्या मागोमाग. कडक हिवाळा आणि छोटा उन्हाळा असेल तर लार्चसारखं दुसरं झाड नाही. सूचिपर्णी असून तो शरद ऋतूत सोनेरी होऊन पानं गाळतो.

आणि ज्यांच्याकडे बाहेर जागाच नाही? खिडकीतला प्रकाश आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, पण खिडकीपासून दोन पावलं आत आलं की झाडाच्या दृष्टीने तो झपाट्याने कमी होतो. उत्तर गोलार्धात दक्षिणेची आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेची खिडकी, अगदी काचेला लागून, हीच जागा. तिथे फायकस, पोर्टुलाकारिया किंवा बुटका शेफलेरा. 'इनडोअर जुनिपर' अशी चिठ्ठी दिसली तर दुकानातून बाहेर पडा.

पायरी ७: रोप कुठून आलं, ते विचारा

एकाच जातीची दोन झाडं सारखी नसतात. रेड मेपल कॅनडातही वाढतो आणि फ्लोरिडातही, पण उत्तरेकडच्या बियांचं झाड दक्षिणेला नेलं तर त्याला थंडी पुरत नाही, आणि दक्षिणेकडचं उत्तरेला गोठतं. म्हणून नावाबरोबर रोप कुठे वाढलं हेही विचारा. हरितगृहातून नुकतं बाहेर आलेलं झाड थेट कडक उन्हात ठेवू नका, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सरकवा. शक्य असेल तर तुमच्यासारख्याच हवेत निदान एक पूर्ण वर्ष काढलेलं रोप घ्या. ते दिसायला थोडं राकट असलं तरी चालेल.

झाडासाठी माणसांनीच जागा बदलल्याचंही उदाहरण आहे. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्साय उत्पादक १९२५ मध्ये ओमियाला जाऊन वसले, कारण तिथली माती, पाणी आणि मोकळी हवा झाडांना मानवणारी होती. तुम्हाला घर बदलायचं नसेल तर झाड बदला.

पायरी ८: वर्षभर साध्या कुंडीत ठेवा

निवडलेल्या जातीची दोन-तीन साधी रोपं घ्या, उथळ भांड्यात घालू नका, तार लावू नका. वर्षभर फक्त वाढू द्या आणि पहिली पालवी कधी आली, वाढ कधी थांबली, पानं कधी करपली याच्या तारखा लिहून ठेवा. दुसऱ्या देशातल्या कोणाच्या व्हिडिओवरून माती बदलण्याचा महिना ठरवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तुमच्या झाडाचं वेळापत्रक याच वहीत तयार होतं: समशीतोष्ण जातींची माती वसंतात कळ्या फुगताना बदलायची, फायकससारख्यांची उबदार रात्री सुरू झाल्यावर, ऐन वाढीत.

चुकीचं झाड आधीच घरात आलं असेल तर त्याला ताबडतोब बाहेरच्या उजेडात आणा, तुमच्याकडच्या सर्वांत गार जागी ठेवा, आणि यंदा छाटणी किंवा माती बदलणं अजिबात करू नका. जुनिपर जिवंत आहे का हे पानांवरून ठरवू नका. बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर धीर धरा आणि थंड गावात राहणारं कोणी ओळखीचं असेल तर झाड त्यांच्याकडे पाठवा. कोरडं, तपकिरी दिसलं तर कुंडी धुऊन ठेवा, नांद्रुकासाठी उपयोगी पडेल.